ब्लॉकेज निघालं नाही, मग काय होतं?

आपल्याकडे हृदयाच्या सगळ्या आजारांना मिळून एकच नाव आहे, ‘हार्टचा त्रास’. कुणी अचानक गेलं की ‘अटॅक आला’ आणि कुणी वाचलं की ‘ब्लॉकेज निघालं होतं’. मय्यतीला आलेली माणसं कब्रस्तानातून परतताना चहाच्या टपरीवर थांबतात, तिथंही चर्चा एवढीच असते. तेल, मटण, टेन्शन, अटॅक. रक्तवाहिन्या अगदी साफ असतानाही खुद्द हृदयाचा स्नायू आजारी पडू शकतो, ही गोष्ट या चर्चेत येत नाही. आमच्याही घरात ती नव्हती. ती यायला दोन तरुण मय्यती आणि एक मोठं आजारपण लागलं.

या आजाराला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. कार्डिओ म्हणजे हृदय, मायो म्हणजे स्नायू, पॅथी म्हणजे विकार. नाव अवघड असलं तरी समजायला गोष्ट सोपी आहे. माझ्या मामेभावाच्या आजारपणात ती मला जशी समजत गेली, तशी इथं सांगतो.

तो सोलापुरात यंत्रमागावर काम करायचा. वय ३६, अंगकाठी सडपातळ, सिगारेट नाही, गुटखा नाही. दोन वर्षांपासून त्याला धाप लागायची. आधी जिना चढताना, मग सायकल चालवताना, शेवटी मशिदीत सजद्यातून उठतानासुद्धा. कारखान्यात कापसाचे तंतू उडतात, त्यामुळे सगळ्यांनी तो धुळीचा दमा ठरवला. पंप दिला, काढे झाले, एका दर्ग्यावर नवसही बोलून झाला. रात्री त्याला सपाट झोपता येईना. एक उशी होती, त्याच्या दोन झाल्या, मग तीन झाल्या. पायावर सूज आली. तेव्हा कुठं त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं अँजिओग्राफी झाली आणि एकही ब्लॉकेज निघालं नाही. मुमानीने त्याच दुपारी गल्लीत पेढे वाटले.

संध्याकाळी डॉक्टरांनी इकोचा रिपोर्ट समोर ठेवला. हृदयाचा डावा कप्पा फुगून मोठा झाला होता आणि त्याचं पंपिंग २५ टक्क्यांवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, “पाइपलाइन साफ आहे हो, पण मोटारच दमली आहे.”

हृदय म्हणजे मुठीएवढा, साधारण ३०० ग्रॅम वजनाचा स्नायू. दिवसाला तो सुमारे एक लाख वेळा आवळतो आणि सैल पडतो. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्याला बाहेर ढकललं जातं, त्या आकड्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. इकोच्या कागदावर तो ‘ईएफ’ म्हणून लिहिलेला असतो. निरोगी माणसातही तो १०० नसतो. ५५ ते ७० च्या दरम्यान असला की ठीक. २५ म्हणजे निम्म्याहून कमी काम. मागे राहिलेलं पाणी मग फुप्फुसात साठतं, म्हणून धाप लागते. ते पायात उतरतं, म्हणून सूज येते. दम्याची धाप आणि हृदयाची धाप बाहेरून सारखी दिसू शकते. पण सपाट झोपल्यावर गुदमरणं, उशा वाढत जाणं, घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहणं आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणं ही लक्षणं दिसली, तर इको करून घ्यायलाच हवा.

भावाला झालेल्या प्रकाराला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. यात कप्पा फुगतो, भिंत पातळ होते, आवळण्याची ताकद जाते. त्याची कारणं बरीच आहेत. विषाणूच्या तापानंतर स्नायूला आलेली सूज, वर्षानुवर्षांची दारू, कॅन्सरची काही औषधं, थायरॉइड, सतत वेगाने पडणारे ठोके आणि वंशपरंपरा. डॉक्टरांनी त्याला विचारलं, “दारू घेता का?” मुमानीला हे फार लागलं. “आमच्या घरात असलं काही नसतं साहेब,” ती तिथंच म्हणाली. गल्लीतल्या दोघा-तिघांनी मात्र तेवढं ऐकून गोष्ट फिरवली की पोरगा चोरून पीत असणार. हा प्रश्न डॉक्टर प्रत्येक रुग्णाला विचारतात, कारण दारू हे कारण निघालं तर ती सोडल्यावर स्नायू बराच सुधारू शकतो. प्रश्न उपचाराचा असतो, चारित्र्याचा नाही.

दुसरा प्रकार याच्या उलटा. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत भिंत जाड होते, मोठ्या माणसात १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. पंपिंगचा आकडा चांगला दिसतो, कधीकधी नेहमीपेक्षाही जास्त. पण आतली जागा अरुंद होते आणि काही जणांत रक्त बाहेर पडायची वाटच अडते. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो आणि अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधल्या लियों शहरात कॅमेरून आणि कोलंबिया यांच्यात फुटबॉलचा सामना चालू असताना मार्क-व्हिव्हियन फोए हा २८ वर्षांचा खेळाडू मैदानात कोसळला आणि गेला. शवविच्छेदनात हाच आजार निघाला. जगातल्या उत्तम संघांकडून खेळलेला माणूस होता तो. धावताना चक्कर येऊन पडणाऱ्या पोराला ‘अशक्तपणा आहे, खजूर खा’ म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठी. आणखी एक गोष्ट. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची आपल्याकडे सवय आहे. वाट अडलेल्या या प्रकारात त्या गोळीने त्रास वाढू शकतो.

तिसऱ्या प्रकारात हृदय ताठ होतं, त्याला नीट सैल पडता येत नाही. केरळमध्ये एके काळी याचाच एक प्रकार गरीब घरांतल्या मुलांत आणि तरुणांत बराच दिसायचा, पुढे तो कमी होत गेला. चौथ्यात उजव्या कप्प्याच्या स्नायूची जागा चरबी आणि तंतू घेतात आणि ठोके अचानक बिघडतात. ज्याला हा आहे, त्याने जोराचा व्यायाम केला तर आजार बळावतो. पाचवा प्रकार आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक होता असं मला वाटतं. मोठ्या धक्क्यानंतर, बहुतेक वेळा पाळी गेलेल्या बायकांत, हृदयाचं टोक फुग्यासारखं होतं. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याला ताकोत्सुबो नाव दिलं, ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून. आपण त्याला ‘सदमा बसला’ म्हणतो. सुरुवातीचे दिवस सांभाळले तर हे हृदय बहुतेकदा काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

हे सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला, त्याने आमच्या घराकडं बघायची नजर बदलली. “घरात कमी वयात कोण कोण गेलंय? तीन पिढ्यांचं सांगा.” एक कोरा कागद घेऊन ते बसले. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन.

मामू ४१ व्या वर्षी झोपेत गेले होते. सगळे म्हणाले, नेक माणूस, फजरच्या आधी अल्लाहने बोलावलं. मोठी आपा दुसऱ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात गेली. तिलाही धाप होती, पायावर सूज होती, रात्रभर ती बसून असायची. चाळीस दिवस झाले नव्हते, खिडकी उघडी राहिली, हवा लागली, असं बायका म्हणाल्या. डॉक्टरांनी दोन्ही खुणांवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारली आणि सांगितलं की गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू असा दमू शकतो. यालाही नाव आहे, पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. टायटिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड फुगलेल्या हृदयाच्या अनेक रुग्णांत सापडतो आणि बाळंतपणात हृदय दमलेल्या काही बायकांतही तोच सापडतो. आपाचं आता सिद्ध करता येणार नाही. पण ज्या बाळंतिणीला आडवं झोपता येत नाही, तिला हवेचं नव्हे, तिच्या हृदयाचं काहीतरी बिघडलं असू शकतं, हे प्रत्येक सासू-नणंदेला माहीत असायला हवं. वेळेत औषध मिळालं तर यातल्या बऱ्याच बायका सावरतात. पंपिंग पूर्ण सुधारलं नसेल तर पुढचं मूल धोक्याचं ठरतं, आणि ते नवऱ्याला बसवून सांगावं लागतं.

कागदावर तीन खुणा एका रेषेत आल्या. बहुतेक वेळा हा आजार ज्या रीतीने घरात उतरतो, तीत आई किंवा बाप एकाकडून बिघडलेलं जनुक आलं तरी पुरतं. प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद नाही. जनुक मिळालं म्हणजे आजार होईलच असंही नाही. कुणाला विशीत होतो, कुणाला साठीत, कुणाला कधीच नाही. म्हणून एक रुग्ण सापडला की त्याचे आईबाप, भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी आणि इको करायचा. नॉर्मल निघालं तरी मोठ्यांनी काही वर्षांनी, मुलांनी त्याहून लवकर, पुन्हा करायचा.

इथं कुणी म्हणेल, हे घरातल्या घरात लग्नं करणाऱ्या मुसलमानांचं दुखणं. तसं नाही. जिथं एकच प्रत पुरते, तिथं आजार यायला नात्यातलं लग्न लागत नाही. हां, दोन्ही बाजूंनी तोच बिघाड आला तर आजार लहान वयात आणि तीव्र होऊ शकतो, आणि मामेबहीण-आतेभावाची लग्नं महाराष्ट्रात अनेक जातींत होतात. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले शास्त्रज्ञ कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोध प्रसिद्ध केला. एमवायबीपीसी३ नावाच्या हृदयाच्या जनुकातला २५ अक्षरांचा एक तुकडा भारतातल्या सुमारे ४ टक्के लोकांत गळालेला आहे. हा बदल अंदाजे ३३ हजार वर्षांपूर्वीचा. पाकिस्तान, श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशियातही तो सापडला. ज्यांच्यात तो आहे त्यांना स्नायूच्या आजाराचा धोका वाढतो, असं त्यांनी मांडलं. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की हा बदल एकटा असेल तर धोका तेवढा मोठा नसतो, सोबत दुसरा बदल असला की तो वाढतो. मला या सगळ्यात ३३ हजार हा आकडा महत्त्वाचा वाटतो. तेव्हा आजचा कुठलाच धर्म नव्हता, जात नव्हती, सरहद्द तर नव्हतीच. आपण सगळे तेच हृदय घेऊन आलो आहोत.

जनुकांचं एवढं समजून घेणं सोपं गेलं. घरच्यांना तपासणीला नेणं अवघड गेलं. मुमानी म्हणाली, “बेटा, अजून एक पोरगी उजवायची आहे. इको काढला की गावभर होईल. खानदानी बीमारी आहे म्हटल्यावर उंबरा कोण चढेल?” तिचं बोलणं मला मूर्खपणाचं वाटलं नाही. नवरा गेलेला, एक लेक गेलेली, थोरला मुलगा दवाखान्यात आणि धाकटीचं लग्न बाकी. स्थळ बघायला येणाऱ्या बायका मुलीची चाल बघतात, दात बघतात, कुणाला काय झालं होतं ते शेजारी विचारून जातात. लपवणं ही तिची चैन नव्हती. तिच्याकडं दुसरं काही नव्हतं.

शेवटी भावानेच सांगितलं, “अम्मी, आपाला कळलं असतं तर ती आज असती.” मग सगळे गेले, सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत, एका दिवशी दोघे असे. माझी अम्मी मामूंची सख्खी बहीण, म्हणून तिचा झाला आणि माझाही झाला. आमचे दोघांचे ठीक निघाले. धाकट्या बहिणीचाही नॉर्मल. पण ३१ वर्षांच्या दुसऱ्या भावाचं पंपिंग ४५ निघालं. त्याला धाप नव्हती, सूज नव्हती, तो दर रविवारी क्रिकेट खेळायचा. त्याच आठवड्यात त्याची औषधं सुरू झाली. एक इको झाला नसता तर तो आणखी काही वर्षं मामूंच्याच वाटेने चालत राहिला असता.

धाकटीसाठी आलेलं एक स्थळ हे ऐकून गेलं. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सध्या दुसरीकडं बोलणं चालू आहे, त्यांनाही सगळं सांगितलं आहे.

उपचारांबद्दल लोकांच्या मनात दोनच टोकं असतात. एकतर ‘आता काही उरलं नाही’, नाहीतर ‘एकदा ऑपरेशन करून टाका’. बहुतेकांचा रस्ता मधला आहे आणि तो गोळ्यांचा आहे. हृदयावरचा ताण उतरवणारी औषधं, ठोके शांत करणारे बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी आणि मूळची मधुमेहासाठी आलेली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं, अशा चार गटांतलं एक एक औषध आज फुगलेल्या, दमलेल्या हृदयाला देतात. पाणी उतरवायची गोळी वेगळी. डापाग्लिफ्लोझिन पुढे अनेक भारतीय कंपन्या बनवू लागल्या आणि किंमत उतरली. जाड भिंतीच्या प्रकाराची औषधं वेगळी असतात, गरज पडली तर अडलेला भाग शस्त्रक्रियेने काढतात. म्हणून एकाच्या गोळ्या दुसऱ्याने घेऊ नयेत. ठोके बिघडण्याचा धोका असेल तर छातीत आयसीडी नावाचं यंत्र बसवतात. वेळ आली की ते आतूनच झटका देऊन हृदय रुळावर आणतं.

भावाचं पंपिंग वर्षभरात २५ वरून ४० वर आलं. तो पुन्हा जिना चढू लागला आणि मग आपल्या घराघरात जे होतं ते झालं. “आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?” लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचं हृदय पूर्ववत झालं होतं असे ५१ रुग्ण घेतले आणि त्यांतल्या जवळपास सगळ्यांची औषधं देखरेखीखाली कमी करत बंद केली. सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांचा आजार परत आला. बरं वाटतं ते गोळ्या चालू आहेत म्हणून. हे त्याला मी तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा त्याच्या बायकोने गोळ्यांचा डबा हातात घेतला आणि प्रश्न मिटला.

रमजान आला तेव्हा तो रडला. लहानपणापासून त्याचा एक रोजा सुटला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या अवस्थेत चौदा तास पाण्याविना राहणं, त्यात पाणी उतरवायची गोळी, म्हणजे रक्तदाब आणि किडनी दोन्हींशी खेळ. आजार स्थिर असलेल्या काही रुग्णांना सहेरी आणि इफ्तारला औषधं वाटून देता येतात, पण ते डॉक्टर ठरवतील, शेजारी नाही. आम्ही मशिदीच्या मौलानांकडं गेलो. त्यांनी सूरह बकराचा हवाला देऊन शांतपणे सांगितलं की आजाऱ्याला सूट खुद्द कुरआनने दिली आहे. बरा होणारा आजार असेल तर रोजे नंतर पुरे करायचे, न होणारा असेल तर फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालायचं. दिलेली सूट नाकारून स्वतःला मारण्यात सवाब नाही, असंही ते म्हणाले. त्या वर्षी तो इफ्तारला आमच्यासोबत बसला. भजी, लोणचं, पापड त्याच्यापुढून उचलले होते, कारण मीठ हे या आजारात विषासारखं काम करतं.

काहींचं हृदय औषधांनाही जुमानत नाही. मग प्रत्यारोपण. डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं केलं आणि फेब्रुवारी १९६८ मध्येच मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलं. पण हृदय यायला कुणाच्या तरी घरच्यांनी मेंदू मृत झालेल्या माणसाचं हृदय द्यावं लागतं. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये काही अटींवर अवयवदानाला परवानगी दिली. आपल्याकडच्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. घ्यायला आपण तयार असतो, द्यायचं म्हटलं की मसला निघतो. यावर आपण जाहीरपणे बोलायला हवं.

मामू आणि आपा गेले ते तकदीर म्हणून आम्ही मानलं, आजही मानतो. पण आधी उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगणारी हदीसही आपलीच आहे. इको हा त्या उंटाचा दोर आहे असं मी समजतो. तुमच्या घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, कुणी बाळंतिणीच्या धापेने गेलं असेल, कुणाचं पोर खेळता खेळता कोसळलं असेल, तर एक कोरा कागद घ्या. नानी-दादीला शेजारी बसवा, त्यांना सगळं आठवतं. कोण, कितव्या वर्षी, कसं गेलं ते लिहा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडं जा. आजार एकाच्या नावावर निघतो, पण तो घराचा असतो, आणि घरातला जो अजून क्रिकेट खेळतो आहे, त्याच्यापर्यंत तो कागद वेळेत पोचला पाहिजे.